व्हॅलिरियाचें सुतक

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून एक नवें सुतक पाळलें जाऊं लागलें आहे. तें कोणा आप्ताचें नाहीं कीं कोणा लोकनायकाचें नाहीं. जें राज्य पृथ्वीच्या पाठीवर कधींच नव्हतें अशा एका राज्याचें तें आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन या अमेरिकन कादंबरीकारानें १९९६ सालीं आरंभिलेल्या अद्भुत कथामालेचे पांच खंड २०११ पर्यंत बाहेर पडले. त्याच वर्षीं तिच्यावरून रचलेली दूरचित्रवाणीची मालिका सुरू होऊन ती २०१९ पर्यंत चालली. आणि २०२२ पासून त्याच राजघराण्याच्या पूर्वजांची दुसरी मालिका दाखविली जाऊं लागली. या कथांच्या पार्श्वभूमीवर व्हॅलिरिया नांवाचें एक प्राचीन राज्य आहे. तें ड्रॅगनांच्या, म्हणजे अग्नि ओकणाऱ्या पंखधारी महासर्पांच्या, बळावर उभें राहिलें आणि एका दिवसांत भस्मसात् झालें. आमच्या तरुण वाचकांत त्याचा विषय निघाला कीं स्वर हळवे होतात. केवढें तें वैभव, केवढी ती विद्या, आणि काय हा दैवदुर्विलास, असे उद्गार कानीं पडतात. या शोकाविरुद्ध आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम एक आक्षेप वाटेंतून दूर सारूं. जें मुळांत नव्हतेंच त्याच्या नाशाचा खल प्रौढ माणसांनीं कशाला करावा, असें आमच्या वडील पिढींतील कांहीं मंडळी म्हणतील. ज्यांनीं लहानपणीं सोन्याची लंका जळतांना आणि द्वारका समुद्रांत बुडतांना ऐकली, त्यांनीं तरी हा प्रश्न विचारूं नये, इतकेंच आमचें त्यांस विनयपूर्वक सांगणें आहे. शिवाय खऱ्या इतिहासांत मनुष्य कोणाची बाजू घेतो यावर त्याची जात, त्याचा पक्ष, त्याचें घराणें यांची छाया असते. कल्पित राज्याविषयीं बोलतांना त्यास कोणाची भीड नसते. म्हणून तेथें तो कोणासाठीं डोळे पुसतो हें निरखून पाहण्याजोगें असतें.

ज्यांनीं हे ग्रंथ वाचले नाहींत त्यांच्यासाठीं हकीकत थोडक्यांत देतों. एसॉस नांवाच्या पूर्वेकडील खंडाच्या दक्षिणेस एक द्वीपकल्प होतें. तेथील ज्वालामुखी पर्वतांच्या रांगेस 'चौदा ज्वाला' म्हणत. या डोंगरांत मेंढरें चारणाऱ्या एका जमातीस ड्रॅगन सांपडले, आणि मंत्रविद्येनें त्यांस वश करण्याची कला साधली. मेंढपाळांचे वंशज ड्रॅगनांवर स्वार झाले. शेजारीं घिस नांवाचें जुनें साम्राज्य होतें. त्याच्याशीं पांच युद्धें झालीं, आणि शेवटीं घिस शहर जाळून त्याच्या शेतांत मीठ, गंधक व माणसांच्या कवट्या पेरण्यांत आल्या. पुढें पश्चिमेकडील ऱ्हॉइन नदीच्या कांठचीं सुंदर नगरें व्हॅलिरियाच्या लोभास बळी पडलीं. गॅरिन नांवाच्या राजपुत्रानें अडीच लाखांची फौज उभी केली. तिच्यावर तीनशें किंवा त्याहून अधिक ड्रॅगन तुटून पडले, आणि आपल्या प्रजेचा संहार पाहण्यासाठीं गॅरिनला सोन्याच्या पिंजऱ्यांत टांगून ठेवण्यांत आलें. मग एके दिवशीं चौदाही ज्वाला एकदम फुटल्या. पांचशें मैलांच्या टापूंतील टेकड्या उडाल्या, सरोवरें उकळलीं, आकाशांतले ड्रॅगनसुद्धां जळाले, जमीन दुभंगली आणि तींत समुद्र शिरला. त्या दिवसास ग्रंथांत एकच शब्द आहे; आपण त्यास महानाश म्हणूं.

येथें एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेंतून निसटते. व्हॅलिरियास आपण सहज साम्राज्य म्हणतों, पण तेथें सम्राट कधींच नव्हता. जे जन्मानें स्वतंत्र आणि ज्यांची स्वतःची जमीन, त्या साऱ्यांस राज्यकारभारांत मत होतें. प्रत्यक्षांत सत्ता चाळीस ड्रॅगनधारी घराण्यांच्या हातीं असे, तरी राजा नाहीं याचा त्यांस अभिमान होता. राज्याचें नांवच मुळीं स्वतंत्र भूधारकांचें राज्य अशा अर्थाचें आहे. शोक करणाऱ्यांस ही गोष्ट सांगितली कीं त्यांचे डोळे अधिकच पाणावतात: म्हणजे ते लोकसत्तेचेही उपासक होते तर! होते, ज्या अर्थानें पेरिक्लीसचें अथेन्स होतें त्या अर्थानें.

त्यांच्या वैभवाची यादी शोक करणाऱ्यांस पाठ असते. बोथट न होणारें व्हॅलिरियन पोलाद, ज्याची घडण त्यांच्याबरोबरच लोपली. बाण सोडावा तसे सरळ गेलेले रस्ते. ड्रॅगनांच्या ज्वाळांनीं वितळवून घडविलेले काळ्या पाषाणाचे तट. हें सर्व ग्रंथांत आहे, आणि सुंदर वर्णिलें आहे. (आमच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनीं आम्हांस पिढ्यान् पिढ्या हत्ती, पालख्या आणि झुंबरें मोजावयास शिकविलें आहे; तेव्हां ही यादी आम्हांस लवकर पाठ व्हावी यांत नवल नाहीं.) परंतु त्याच ग्रंथांत, फार दूर नव्हे, या वैभवाचें तळघरही दाखविलें आहे, आणि तेथें मात्र कोणाची पावलें वळत नाहींत.

तें तळघर म्हणजे चौदा ज्वालांच्या पोटांतील खाणी. सोनें व रुपें मिळविण्यासाठीं व्हॅलिरियाचे लोक पर्वत पोखरीत खोल गेले, आणि जसजसें खोल जावें तसतशी उष्णता वाढत गेली. खडक इतका तापे कीं वहाणेचा तळवा जळून पाऊल भाजे. हवा श्वासाबरोबर छाती जाळी. आणि दगडांत राहणारे अग्निकृमी कुदळीचा आवाज ऐकून येत. या कामासाठीं गुलाम लागत, आणि ते विसांनीं मरत. माणूस ठेवण्याची ही रीत व्हॅलिरियानें जित घिसकडून उचलली. जेत्यानें हरलेल्याचें शहर जाळलें पण त्याचा धंदा जपून ठेवला. युद्धाच्या काळांत गुलाम हजारोंनीं धरून आणीत. शांततेच्या काळांत त्यांची पैदास करीत. सोन्याहून माणूस स्वस्त असल्यामुळें मेलेल्यांचा हिशेब ठेवण्याचें कारण नव्हतें.

या ठिकाणीं आम्हांस ग्रीसच्या इतिहासांतील लॉरिअनच्या रुप्याच्या खाणी आठवल्यावांचून राहत नाहींत. इ. स. पूर्व ४८३ च्या सुमारास तेथें मोठें घबाड लागलें. थेमिस्टोक्लीसच्या सल्ल्यानें त्या पैशांतून आरमार बांधलें गेलें, आणि ४८० सालीं सॅलॅमिस येथें त्याच आरमारानें इराणच्या बादशहास हटविलें. स्वातंत्र्याचें तें रुपें गुलामांनीं उकरून काढलेलें होतें. मार्टिन यांनीं हें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवलें होतें असा आमचा दावा नाहीं. पण ज्यास व्हॅलिरियाच्या खाणी कादंबरीकाराची अतिशयोक्ति वाटतात, त्यानें ड्रॅगन तेवढे वजा करून पाहावें. फारसें उणें होत नाहीं असें त्यास आढळेल.

आतां महानाशाच्या कारणाकडे वळूं. मार्टिन यांनीं कारण सांगितलेलें नाहीं. निरनिराळ्या पात्रांच्या व पंडितांच्या तोंडीं निरनिराळे तर्क घातले आहेत. कोणी म्हणतो, पिंजऱ्यांतून गॅरिननें दिलेला शाप फळास आला. कोणी म्हणतो, अग्निदेवाच्या पुजाऱ्यांनीं आपल्या देवाचा कोप ओढवून आणला. घराण्याघराण्यांच्या स्पर्धेंत मांत्रिकांचे खून पडले आणि मंत्र तुटले, असाही एक पक्ष आहे. या तर्कांत बार्थ नांवाच्या धर्मगुरूच्या लेखनावरून कांहीं पंडितांनीं बांधलेला तर्क आम्हांस सर्वांत विचारणीय वाटतो. तो २०१४ सालीं निघालेल्या, त्या जगाचा इतिहास सांगणाऱ्या ग्रंथांत आला आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, चौदा ज्वालांस हजारों वर्षें मंत्रांनीं आवरून धरलें होतें. गुलामांची आणि धनाची जी अखंड भूक व्हॅलिरियास होती ती सत्ता वाढविण्यासाठीं जितकी, तितकीच ते मंत्र टिकविण्यासाठींही होती. आणि मंत्र ढिले पडले तेव्हां पुढचें अटळ झालें.

हा तर्क खरा धरला तर दैवदुर्विलासाचें काय उरतें? ज्या राज्यास पायांखालची जमीन थंड ठेवण्यासाठींच रोज माणसें आंत लोटावीं लागतात, त्यास स्थिर राज्य कोणत्या अर्थानें म्हणावयाचें? तें रोज पडत होतें आणि रोज कोणाच्या तरी पाठीवर टेकून उभें राहत होतें. त्या पाठी एके दिवशीं अपुऱ्या पडल्या, एवढाच फरक झाला. आमचे मित्र त्या एका दिवसाच्या ज्वाळांकडे पाहून हळहळतात; त्यापूर्वीं खाणींत जळणाऱ्या हजारों वर्षांच्या ज्वाळा त्यांस दिसत नाहींत, कारण त्यांत ड्रॅगन जळत नव्हते.

पण याच्या उलट टोंकासही एक पक्ष आहे, आणि त्याशींही आमचें जमत नाहीं. तो म्हणतो, बरें झालें. पापाचा घडा भरला आणि न्याय झाला. टॉल्किन यांच्या न्यूमेनॉरच्या कथेशीं हा पक्ष व्हॅलिरियाची तुलना करितो. १९७७ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत ती कथा आहे: मृत्यूच्या भयानें उन्मत्त झालेला राजा अमरांच्या भूमीवर चाल करून जातो आणि त्याचें बेट समुद्रांत बुडतें. तेथें अपराध स्पष्ट आहे व शिक्षा करणाराही स्पष्ट आहे. मार्टिन यांनीं तो मार्ग सोडला हें आम्हांस त्यांच्या कृतीचें मोठें बळ वाटतें. कारण महानाशांत न्याय शोधूं जावें तर पहिल्याच पावलास ठेंच लागते. पर्वत फुटले तेव्हां त्यांच्या पोटांत कोण होतें? धनी गच्चीवर होते, गुलाम खाणींत होते. ज्यास ही शिक्षा म्हणावयाचें त्यानें प्रथम सर्वांत खालच्या माणसाचा कोणता अपराध होता तें सांगावें.

आणि वांचलें कोण? एनार टार्गेरियन नांवाचा एक ड्रॅगनधारी सरदार. त्याच्या मुलीस महानाशाचें स्वप्न पडलें. त्यानें आपली मालमत्ता विकली आणि बारा वर्षें आधींच पश्चिमेच्या एका बेटावर बिऱ्हाड हलविलें. त्याच्या बरोबर काय काय गेलें याची यादी ग्रंथकारानें दिली आहे: बायका, संपत्ति, गुलाम, ड्रॅगन, भावंडें, नातलग, आणि मुलें. गुलाम हा शब्द त्या यादींत सहज पडून राहिला आहे. न्यायाचा हात जर इतका चुकत असेल तर त्यास न्याय न म्हणणें बरें.

आमचा मुख्य मुद्दा याहून पुढचा आहे. व्हॅलिरिया कोसळलें असें आपण म्हणतों. पण नक्की काय कोसळलें? डोंगर, वाडे, तट आणि ड्रॅगन. गुलामगिरीच्या केसासही धक्का लागला नाहीं. महानाशानंतरच्या काळास तेथील बखरकार 'रक्ताचें शतक' म्हणतात. व्होलँटिस या जुन्या वसाहतीनें आपणच व्हॅलिरियाचे वारस असें ठरवून भोंवतालचीं शहरें जिंकण्याचा खटाटोप केला आणि तो फसला. डोथ्राकी घोडेस्वारांनीं किती तरी नगरें धुळीस मिळविलीं, आणि जीं माणसें जिवंत सांपडलीं तीं बाजारांत आणून विकलीं. व्होलँटिसमध्यें आजच्या कथाकाळांतही एका स्वतंत्र मनुष्यामागें पांच गुलाम आहेत. त्यांच्या गालांवर त्यांचा धंदा गोंदलेला असतो, आणि शहराच्या मधोमध दोनशें फूट उंचीच्या काळ्या तटाआड जुन्या रक्ताचीं घराणीं व्हॅलिरियाच्या आठवणी काढीत बसतात. ज्या घिसचा व्हॅलिरियानें निःपात केला त्याचीं पोरकीं शहरें, अस्तापोर, युंकाय आणि मीरीन, व्हॅलिरियाची मगरमिठी सुटतांच पुन्हां मोकळीं झालीं. आणि मोकळीं होऊन त्यांनीं काय आरंभिलें, तर माणसांचा घाऊक व्यापार.

ऑरिअनची गोष्ट तर या सुतकाची विटंबनाच आहे. हा ड्रॅगनधारी महानाशाच्या वेळीं बाहेर होता म्हणून वांचला. त्यानें क्वोहोर शहरांत फौज जमविली आणि स्वतःस व्हॅलिरियाचा पहिला सम्राट म्हणून जाहीर केलें. ज्या राज्यानें आपल्या भरभराटींत सम्राट पाहिला नाहीं त्यास तो राखेंत मिळाला. तीस हजार पायदळ मागें घेऊन हा सम्राट ड्रॅगनवर बसून आपलें साम्राज्य ताब्यांत घेण्यास निघाला, तो पुन्हां कोणास दिसला नाहीं.

मग या साऱ्या कहाणींत कोणी सुटलें कीं नाहीं? सुटले, पण महानाशाशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं. व्हॅलिरिया ऐन भरांत असतां गुलामांनीं भरलेला एक जहाजांचा तांडा दक्षिणेकडे चालला होता. त्या गुलामांनीं वाटेंत बंड करून जहाजें ताब्यांत घेतलीं, आणि चंद्राचीं गीतें गाणाऱ्या एका पंथाच्या स्त्रियांनीं त्यांस उत्तरेकडील धुक्यांत दडलेल्या एका खाडीचा मार्ग दाखविला. तेथें ब्राव्होस वसलें. नाना देशांचे, नाना देवांचे लोक ते. त्यांनीं सर्व देवांस सारखा मान दिला, आणि येथें कोणी पुरुष, स्त्री वा मूल कोणाचें गुलाम असणार नाहीं, हा पहिला कायदा केला. शंभरांहून अधिक वर्षें त्यांनीं आपलें शहर जगापासून लपविलें. पुढें तें उघड केल्यावर जहाजांच्या मूळ मालकांचे वंशज भरपाई मागावयास आले. ब्राव्होसच्या पेढीनें जहाजांची किंमत चुकती केली. माणसांची किंमत देण्यास मात्र साफ नकार दिला.

या एका तपशिलासाठीं आम्ही मार्टिन यांस शंभर ड्रॅगन माफ करूं. कारण प्रत्यक्ष इतिहासांत याच्या नेमकें उलट घडलें आहे. १८३३ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें आपल्या वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला तेव्हां दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली, ती मालकांस. ज्यांच्या पिढ्या उसाच्या मळ्यांत खपल्या त्यांस एक पैही नाहीं. हैतीच्या गुलामांनीं स्वतःच्या मनगटावर स्वातंत्र्य मिळविलें, तर १८२५ सालीं फ्रान्सनें लढाऊ जहाजें उभीं करून त्यांजकडे पंधरा कोटी फ्रँक मागितले. ब्राव्होसच्या पेढीवाल्यांस जें कळलें तें लंडन-पॅरिसच्या मुत्सद्द्यांस कळलें नव्हतें.

लॉरिअनचा उल्लेख वर आलाच आहे. इ. स. पूर्व ४१३ मध्यें स्पार्टानें अथेन्सच्या वेशीजवळ डेसेलिया येथें ठाणें दिलें, तेव्हां वीस हजारांहून अधिक गुलाम अथेन्स सोडून पळाले असें थ्यूसिडिडीस लिहितो. अथेन्सच्या पाडावाविषयीं खंडच्या खंड लिहिले गेले; या वीस हजारांच्या वांट्यास एक वाक्य आलें. व्हॅलिरियाचे वाचक याहून निराळें काय करीत आहेत?

कोणी म्हणेल, पण याच टार्गेरियन घराण्याच्या डेनेरिसनें पुढें ड्रॅगनांच्याच बळावर गुलाम मुक्त केले ना? केले, आणि तिच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण मीरीनच्या दरबारांत एक गरीब माणूस जळक्या हाडांचें गांठोडें घेऊन येतो, तो प्रसंग वाचकांनीं आठवावा. तीं हाडें त्याच्या लहानग्या मुलीचीं असतात, आणि तिला मारणारा राणीचा लाडका ड्रॅगन असतो. राणी उरलेल्या दोन ड्रॅगनांस तळघरांत साखळदंडांनीं बांधते, आणि त्यांतला तिसरा मोकळाच राहतो. मुक्तिदात्रीच्या हातांतही तें शस्त्र व्हॅलिरियाचेंच राहिलें. दूरचित्रवाणीच्या मालिकेचा शेवट पाहून पुष्कळांस धक्का बसला असें आम्हीं ऐकलें. हें गांठोडें ज्यांच्या लक्षांत राहिलें होतें त्यांस तो बसावयास नको होता.

शेवटीं एक तक्रार खुद्द ग्रंथकाराविषयीं. व्हॅलिरियाच्या ड्रॅगनांचीं नांवें आम्हांस ठाऊक आहेत, तलवारींचीं ठाऊक आहेत, स्वप्न पडलेल्या मुलीचें ठाऊक आहे. त्या खाणींत खपलेल्या एकाही गुलामाचें नांव या सर्व ग्रंथांत आम्हांस आढळलें नाहीं. सुतक सगोत्रांस लागतें. ज्यास नांवच नाहीं त्याचें गोत्र वाचकानें कसें शोधावें? त्या खाणींची हकीकत सांगणारा जो एकुलता एक मोठा प्रसंग आहे, त्यांतील मुख्य मनुष्यही निनांवीच आहे. ब्राव्होसच्या एका मंदिरांत वृद्ध पुजारी लहानग्या आर्याला ती कथा सांगतो. खाणींत नाना जातींचे गुलाम आपआपल्या देवापाशीं एकच मागणें मागत, सुटका. तें ऐकून एका मनुष्यानें, सर्वांत कळवळून मागणाऱ्या एका गुलामास त्याच रात्रीं मरण दिलें. यावर ती पोर संतापून विचारते, कीं त्यानें गुलामांस मारलें? मारावयाचें होतें तर मालकांस मारावयास हवें होतें. पुजारी सांगतो कीं तें दानही त्यानें पुढें मालकांस दिलें, पण ती गोष्ट पुन्हां केव्हां तरी. पांचव्या खंडाचें शेवटचें पान उलटलें तरी ती गोष्ट अजून सांगितली गेलेली नाहीं.